ओटीतले परत आलेले दाणे

१२ नोव्हेंबर

आलो एकदाचे अंदमानला! विमानात सासूबाईंनी शेजारच्या अनोळखी माणसाला धपाटे खायला घातले आणि उतरेपर्यंत त्याच्या बायकोचं नाव, नोकरी, गुडघेदुखी सगळं काढून घेतलं. साठी उलटली तरी आमच्या या सासूबाईंनी, कुसुमताईंनी, समुद्र पाहिला नव्हता. हुसेनसागर तलावाहून असा किती मोठा असेल, असं त्या हैदराबादेत चिक्कडपल्लीतल्या घरून निघताना म्हणाल्या होत्या. बोट या छोट्या बेटाला लागली तेव्हा मात्र पार गप्प झाल्या. माझ्या नवऱ्याने, गौतमने, मला हळूच चिमटा काढला.

मला पाचवा लागलाय. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतली नाही. मी पुण्याची, लग्न होऊन दीड वर्ष झालं, तरी शेजारी अजून 'नवी सून' म्हणतात. आई गेली, बाबा कॅनडात दादाकडे, घर विकलेलं. त्यामुळे बाळंतपण हैदराबादलाच. मागची खोली माझीच, असं सासूबाईंनी कधीच सांगून टाकलंय. मी त्यांना आई म्हणते. मनापासून म्हणते.

१३ नोव्हेंबर

आज सागरी जीव केंद्र पाहिलं. केंद्र कसलं, पत्र्याचं छप्पर, तीन सिमेंटचे हौद आणि बरण्यांत ठेवलेले मासे. पण दाखवणारी पद्मावती फार गोड. जीवशास्त्र शिकलेली, इथंच वाढलेली तेलुगू मुलगी. आईंची आणि तिची तेलुगूत अशी गट्टी जमली की आम्ही दोघं नुसते मागे मागे.

शेवटच्या हौदात एक मोठी कासवीण होती. बोटीच्या पंख्याने पाठ चिरलेली, पोटात अंडी. पद्मावती म्हणाली, कासवीण जिथं जन्मते त्याच किनाऱ्यावर अंडी घालायला परत येते. आई लगेच म्हणाल्या, "म्हंजे माहेरालाच की!" हिच्या किनाऱ्यावर मात्र आता धक्का बांधलाय. आईंनी एकदा हौदाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मला जरा भरून आलं.

कासविणीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते रडणं नाही, अंगातलं जास्तीचं मीठ तसं बाहेर पडतं, असं पद्मावतीने समजावलं. अंडी घातली की कासवीण वाळू सारखी करते आणि निघून जाते, मागे वळूनही बघत नाही, पिल्लं तिला कधी दिसत नाहीत, हेही सांगितलं. ते आईंना मुळीच पटलं नाही. तिला कुणी थांब म्हटलं नसेल, असं त्या पुटपुटल्या.

पद्मावती मासे आणायला गेली आणि आईंनी पिशवीतून ओटी काढली! समुद्र पहिल्यांदा बघायचा म्हणून त्याची ओटी भरायला हैदराबादहून आणलेली. खण, नारळ, हळकुंड, तांदूळ, सगळं हौदात. वर हात जोडून, "बाळंतपणाला माझ्याकडं ये गं माय. चिक्कडपल्लीला. तुझं माहेरच समज." गौतम मोबाइलवर शूटिंग करत होता. मी हसून हसून बेजार.

मग कासवीण हौदाच्या आतल्या पायरीपाशी आली, तोंड उघडलं आणि ओल्या तांदळाचे दाणे पायरीवर पडले. सासरी ओटी भरली की जिची भरली ती थोडे दाणे परत देते, मग ते घरच्या तांदळात मिसळायचे, अशी रीत आहे. आईंनी ते पदरात बांधले. हिला रीत ठाऊक आहे, म्हणाल्या. पद्मावतीने आल्यावर आम्हाला चांगलंच झापलं. मी माफी मागितली, खण आणि नारळ बाहेर काढला.

१९ नोव्हेंबर

घरी. चिक्कडपल्लीची गर्दी, इराणी चहा, गाड्यांचे हॉर्न. बरं वाटलं. परत आलेल्या दाण्यांतले थोडे आईंनी माझ्या खिरीत घातले, बाकीचे तांदळाच्या कोठीत.

पद्मावतीचा मेसेज आला. कासवीण हौदात नाही. हौदाची भिंत माझ्या छातीएवढी, आणि कुणी नेल्याची काही खूण नाही. आईंना सांगितलं तर त्या भाजी चिरत राहिल्या.

२८ नोव्हेंबर

फरशी सारखी ओली होतेय. प्लंबर येऊन गेला, नळ कोरडे आहेत म्हणाला. मी बोट लावून चाटलं. खारट आहे.

आज दुपारी झोपून उठले तर दारापासून मागच्या खोलीपर्यंत ओला पट्टा. परातीपेक्षा रुंद, काहीतरी जड ओढत नेल्यासारखा. दोन्ही बाजूंना वल्ह्याने मारावेत तसे फटकारे. आमचा तिसरा मजला आहे. आई तो पट्टा पुसत होत्या. चेहरा असा, जशी लेक दिवाळीला आलीय.

मी काय झालं विचारलं. म्हणाल्या, आली बिचारी.

९ डिसेंबर

मागच्या खोलीत बाज टाकलीय. शेगडी, डिंकाचे लाडू, तेलाची वाटी. मी म्हटलं, आई, मला एप्रिल उजाडेल, एवढी घाई कशाला. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. "तुझं नाही गं हे. ती आधी आली ना."

दोघींना एकदम बाज देता येत नाही, असं त्यांनी मला अगदी मायेने समजावलं. लेकीला नक्को म्हणता येत नाही. सून समजून घेते.

मग मी कोण?

गौतमला सांगितलं. तो म्हणाला, आईचं वय झालंय, खेळू दे तिला. मला राग आला आणि रडूही. खोलीचं दार लोटलेलं असतं. आत आई कुणाच्या तरी पाठीला तेल लावत असतात. फटीतून पाहिलं. एवढी रुंद पाठ माणसाची नसते.

२२ डिसेंबर

सकाळी भातासाठी कोठीत हात घातला. तांदूळ कोमट होते. खाली काहीतरी मऊ, गोल. एकाला एक चिकटलेली. अंडी.

मी किंचाळले. आई धावत आल्या, तांदूळ सारखे केले, हात जोडले. मागून गौतम आला. त्याने पाहिलं. खरंच पाहिलं, मी त्याचा चेहरा बघत होते. मग हळू आवाजात म्हणाला, राहू दे योगिनी, आईने शब्द दिलाय.

मी कोठी उचलून बाहेर फेकायला निघाले. पोटात अशी कळ आली की मी खाली बसले. कोठी ठेवली. कळ थांबली.

पुन्हा उचलली. पुन्हा आली.

३ जानेवारी

डॉक्टर म्हणाल्या बाळाचे ठोके अगदी मंद आहेत, ॲडमिट व्हा. गौतम म्हणाला, उद्या. आई म्हणाल्या, कामून घाबरू लागलीस, पोर घरीच आहे.

पोर घरीच आहे, म्हणजे काय?

बाळ पोटात हलत नाही. स्वयंपाकघरात गेले, कोठीत हात घातला. एका अंड्याने आतून लाथ मारली. तीच जागा, उजवीकडे, तोच जोर. मी ती लाथ ओळखते. मी तिथंच उभी राहून रडले. कुणाला सांगू?

११ जानेवारी

पोट हलकं. हलकं होत चाललंय. दुखत नाही, तेच भयंकर.

डोळ्यांतून सारखं पाणी येतं. आई पदराने पुसतात आणि म्हणतात, ते रडणं नाही, मीठ आहे, पद्मावती म्हणाली होती ना.

दादाला फोन लावला. बोलायचं होतं, मला घेऊन जा. तोंडातून नुसती हवा—

१५ जानेवारी

बोटं जुळत चाललीत. पेन मुठीत धरून—

मागच्या खोलीतून आज हसणं ऐकू आलं. बाईचं. आईंनी तिला लाडानं हाक मारली.

'योगिनी' म्हणाल्या. माझंच नाव.

१८ जानेवारी

दार उघडं आहे. सकाळपासून. कुणी मला जा म्हणत नाही. कुणी थांब पण म्हणत नाही—

कोठीपाशी गेले. हात घातला. ती लाथ. माझं. माझं बाळ आहे ते. काढून घ्यायचं होतं. उराशी धरून पळायचं. हात ऐकत नाहीत. हात तांदूळ सारखे करतायत. सावकाश, नीट, कडेपर्यंत—

झाकण लावलं. मीच लावलं.

जिना ओला आहे. एकदा फक्त एकदा मागे बघायचंय. मान वळत नाही. आई, थांब म्हणा. मला कुणीतरी थांब—