आत्याच्या हिरड्या

भोर, ४ नोव्हेंबर
आठ महिने पानं कोरी. चुकलंच. कारण आळस, दुसरं काही नाही.
हिर्डोशीहून आत्याला आणलं. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. आता सत्तरी उलटली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. साखर उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, डॉ. म्हणाले. शेळ्या भावकीत ठेवून आलीय. रंगावरूनसुद्धा ओळखू येत नव्हत्या म्हणे. तंबाखूची मशेरी घरात चालणार नाही, असं आल्या आल्या सांगितलं. बरं म्हणाली.

२१ नोव्हें.
साखर आहे तिथेच. गोळ्या मी हाताने देतो, जेवण माझी बायको मीना बेतानं वाढते. मग कुठून? आज शाळेतून लवकर आलो तर आत्या न्हाणीमागे पाठमोरी, बोटं तोंडात. मला बघून पदराने तोंड पुसलं. काय खाल्लंस, तर काय न्हाई. गूळच असणार.

२ डिसें.
डॉ.ना तिच्यासमोर सांगून टाकलं, चोरून गूळ खाते. येताना रिक्षात म्हणाली, "बाळू, तुझ्या घरात म्या चोर व्हय रं?" मी रिक्षावाल्याला रस्ता सांगू लागलो.
मीना म्हणते, गुळाचा डबा होता तेवढाच आहे. शेजारून मिळत असेल, म्हणालो. वर्गात पोरांना मात्र सांगतो, तपासल्याशिवाय निष्कर्ष नको.

१४ डिसें. रवि.
आत्याच्या उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग. मीनाने तोंड उघडायला लावलं. हिरड्या सुजलेल्या, वरच्या दोन दाढा हलतात. न्हाणीमागे बोटाने लावत होती ती मशेरी. ठणका बधिर व्हायला.
सांगितलं का नाहीस?
"वरची दाढ काढली की नजर जाती. अन् मला तर डोळं करायचं हाय. म्हून दम धरला."
तिच्या जागी मी असतो तर...

१६ डिसें.
दाताच्या डॉ. बाईंकडे. हिरड्यांत जंतूंनी ठाण मांडलंय. त्या सुजेमुळे साखर हटत नाही, आणि साखर वाढलेली असली की जंतूंचं फावतं. दोन्ही एकमेकांना पोसतात. म्हणजे डोळ्यांसाठी दाढ लपवली आणि दाढेनेच डोळे अडवले असतील. 'असतील'च म्हणायचं, कारण बाई म्हणाल्या, हिरड्या बऱ्या झाल्या की मदत होते, जादू होत नाही. गोळ्या, पथ्य चालूच.
दाढेचा नजरेशी संबंध नाही, हे त्यांनी दोनदा समजावलं. आत्या : "तुमी सोताची काढून बघितलीया का?" बाईंनी आ करून वरची रिकामी जागा दाखवली. चष्मासुद्धा नव्हता त्यांना. आत्या जवळ जाऊन, डोळे बारीक करून बघून आली. मग तयार झाली.

८ जाने.
दाढा निघाल्या, हिरड्या साफ करून झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून आत्याने आधी खिडकीतून नजर तपासली. आहे तेवढी आहे म्हणाली.
मऊ ब्रशला ती जनावरं घासायचा खरारा म्हणते. जेवणानंतर मी समोर उभा, घासून झालं की, "मास्तर, हजेरी लावा." मशेरी सुटलेली नाही. कमी केलीय म्हणते. विश्वास ठेवायचा ठरवलंय.

१८ मार्च
अभ्रा स्वच्छ, महिना झाला. ज्वारीची भाकरी नुसती चावून खाते. मीना म्हणते, चेहरा भरलाय.
उद्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेसाठी रक्त द्यायचं. आज तांदूळ निवडत बसली होती. डोळ्यांना खडे दिसत नाहीत, बोटांनी शोधते. मान वर न करता म्हणाली, "उतरली न्हाई तर परत म्याच गूळ खाल्ला म्हनशील."
नाही म्हणालो. पुढे बोलायचं होतं, झालं नाही. इतके दिवस रिपोर्टाची वाट बघत होतो बहुतेक. आकडा उतरला की ती खरी ठरणार, आणि मग मी बोलणार. ती तर तेव्हाही खरं बोलत होती.

उद्या : रक्त द्यायला निघण्याआधी आत्याची माफी मागणे.