बंदराकडच्या जाळ्यातली गाठ

रास-मिल्ह,
१२ मे

प्रिय स्कंदर,

सलाम. तू बरा असशील. आम्ही सगळे खुशाल आहोत. उम्मीचा खोकला गेला, मांजरीला पुन्हा पिल्लं झाली आणि आपला हिलाल संघ अजून पहिल्या श्रेणीत आहे, निदान या रविवारपर्यंत. तिन्ही बातम्या तुला ठाऊक असणार, पण पत्राची सुरुवात अशीच करायची असते असं उम्मीचं म्हणणं आहे, आणि ती समोर बसून जाळं विणता विणता माझ्या पेनाकडे बघते आहे.

फोन केला नाही. फोनवर तू रडकुंडीला येतोस, मी शिव्या देतो आणि मुद्दा जिथल्या तिथे राहतो. लुआज टॅक्सीवाला हमादी उद्या सवाऱ्या घेऊन राजधानीला येतोय, त्याच्या हाती हे पाकीट देतो. सोबत हरिसा चटणीची बाटली आहे. यंदा तिखट जास्त झालंय, सांभाळून खा.

आता मुद्दा. तू उम्मीला फोन करून सांगितलंस की रविवारी तुमचा संघ इथे येईल, पण तू येणार नाहीस, कारण शुक्रवारी सरावात तुझी मांडी दुखायला लागणार आहे. दुखायला लागणार आहे! अरे, मांडी दुखायची तेव्हा दुखते, आठवडाभर आधी निरोप धाडून दुखत नाही. उम्मीला वाटलं तू खरंच आजारी आहेस, तिने दोन दिवस काळजी केली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्हाला एक गुण हवाय. बरोबरी झाली तर वाचलो, हरलो तर दुसऱ्या श्रेणीत. आणि तू, राजधानीचा मोठा खेळाडू, आमच्यावर दया करून दांडी मारणार आहेस.

तुझी दया तुझ्यापाशी ठेव.

गावात काय बोलतात ते ऐक. कॅफेत शाझलीकाका मासळीची टोपली खाली ठेवायच्या आतच म्हणतो, 'मुनधिरला गुडघा नाही, स्कंदरला मांडी नाही, दोघे भाऊ मिळून एक खेळाडू होतो.' सगळे खो खो हसतात. मीही हसतो. गुडघा ठीक आहे, त्याबद्दल विचारू नकोस. पण तू आला नाहीस आणि आम्ही वाचलो, तर जन्मभर हेच ऐकावं लागेल की हिलाल वाचला तो धाकट्या भावाच्या खोट्या मांडीमुळे. चौदा वर्षं मी या संघाच्या उजव्या बाजूला उभा आहे, त्यातली सहा कप्तान म्हणून. भीक म्हणून मिळालेला गुण मी घेणार नाही. प्रशिक्षक सी तौफिक घेतील, त्यांना नोकरी टिकवायची आहे. मी घेणार नाही.

आणि दुसरी गोष्ट. ती गाठ.

तुला आठवण करून द्यायला नको, पण राजधानीत गेल्यापासून तुझी आठवण जरा आखूड झालीय, म्हणून देतो. गोलाचं जाळं आपल्याकडे बंदरावरच्या बायका विणतात, दरवर्षी नवं. तळाची दोरी मात्र आजोबांच्या वेळेपासूनची तीच. संघात आलेला प्रत्येक जण त्या दोरीला एक गाठ मारतो. सोडून जाणाऱ्याने सगळ्यांदेखत यायचं, आपली गाठ आपल्या हाताने सोडायची, चहा प्यायचा आणि जायचं. मग त्याला कुणी वाकडा शब्द बोलत नाही, आणि त्याच जागी नवा माणूस आपली गाठ मारतो. नवी जागा काढायची नाही.

तुझी गाठ अजून तिथेच आहे, बंदराकडच्या गोलात, डाव्या खांबाजवळ.

जानेवारीत बदलीच्या मुदतीचा शेवटचा दिवस होता, अध्यक्ष सी बूबकरनी तुला दुपारी जेवणावरून उठवून गाडीत कोंबलं आणि संध्याकाळच्या आत तुझी सही घेतली, हे मला माहीत आहे. क्लबला पैसा हवा होता, त्यांनी तुला विकलं. त्याबद्दल मी तुला एक अक्षर बोललो नाही. पण फेब्रुवारीत नाही, मार्चमध्ये नाही, एप्रिलमध्ये नाही. तीन तासांचा तर रस्ता आहे, स्कंदर.

तुझ्या जागी लमजद आलाय, तातावीनचा. वाळवंटातला माणूस, बोटीत बसवला तर हिरवा पडतो, पण खेळायला जिद्दीचा. त्याला गाठ मारायला जागाच नाही. लोकांनी त्याचं नाव 'बिनगाठी' पाडलंय. त्याने पेनल्टी चुकवली की बिनगाठी, गोल केला तरी 'बिनगाठी असून केला'. बिचारा एकदा मला म्हणाला, 'कप्तान, मी पाहुणा आहे की खेळाडू, एवढं तरी सांगा.' सगळे मला म्हणतात, कप्तान आहेस, काप ती गाठ. मी सांगतो, खाऱ्या वाऱ्याने दगड झालीय, कापायला गेलो तर दोरी जाईल, आणि उम्मीच्या जाळ्याला सुरी लावायची कुणाची छाती असेल त्याने पुढे यावं. अजून कुणी आलेलं नाही.

उम्मीला विचारलं, तुझा काय निरोप लिहू? ती म्हणाली, 'आजारीच पडायचं असेल तर इथे येऊन पडू दे, मी हरभऱ्याची गरम लबलाबी करून घालते. आणि बरा असेल तर खेळू दे. माझं पोर खोटं लंगडलेलं मला चालणार नाही.' जसंच्या तसं लिहिलंय.

तेव्हा ये. उजवीकडे मी उभा असेन. मला चकवून दाखव. सामना झाला की सगळ्या गावादेखत तुझी गाठ सोड, लमजदला त्याची जागा दे आणि मोकळा हो. बेकरीच्या भिंतीपाशी मी तुला चेंडू मारायला शिकवलं ते शेपूट घालून बसायला नाही.

रविवारचे दोन तास सोडून
तुझाच भाऊ,
मुनधिर


रास-मिल्ह,
२७ मे

प्रिय स्कंदर,

सलाम. हरिसाची रिकामी बाटली हमादीने आणून दिली. उम्मी म्हणते, बाटली धुवून पाठवायची असते, राजधानीत पाणी नाही का? तिची तब्येत उत्तम आहे. पिल्लांचे डोळे उघडले. एक शाझलीकाकाने नेलं.

आम्ही बुडालो. हे तुला कळवण्यात अर्थ नाही, तूच बुडवलंस.

आधी खेळाचं बोलतो, कारण त्यावर कुणीच धड बोलत नाहीये. पहिल्या अर्ध्यात तू पुन्हा पुन्हा माझ्या अंगावर आलास आणि मी तुला पुन्हा पुन्हा परत पाठवलं. तुझ्या त्या पांढऱ्याशुभ्र चड्डीला आपल्या मैदानाची तांबडी माती लागली, तेव्हा स्टँडमध्ये जो आवाज झाला तो तू ऐकलास. तुझ्या प्रशिक्षकाने तुला दुसऱ्या बाजूला जा म्हणून हात केला आणि तू गेला नाहीस, तेही मी पाहिलं. शाबास. गेला असतास तर मी तुझं तोंड पाहिलं नसतं.

मग तो चेंडू. तू बाहेर झुकलास. मला माहीत होतं की तू आत येणार, गल्लीत तू आठ वर्षांचा होतास तेव्हापासून हेच करतोस. डोक्याला माहीत होतं, गुडघ्याला नव्हतं. मी बसलो तो बसलोच, आणि तू उम्मीच्या जाळ्यात चेंडू घातलास.

आणि काय केलंस? मान खाली घातलीस! दोन्ही हात जोडून स्टँडची माफी मागितलीस, मय्यतीला आल्यासारखा चेहरा केलास. मला राग आहे तो याचा, गोलाचा नाही. असा गोल या मैदानावर मी चौदा वर्षांत पाहिला नाही. आई समोर बसलेली होती. हात वर करायचा, धावत जायचं, तिच्याकडे बघायचं. आमची कीव करणं तू मांडीतून काढलंस आणि मानेत आणलंस. उम्मीने त्या क्षणी काय विचारलं माहितीये? शेजारणीला म्हणाली, 'जाळं फाटलं का गं?' ती नाही म्हणाली. 'मग चांगलं विणलं होतं,' म्हणाली, आणि टाळ्या वाजवल्या. सगळं गाव गप्प आणि ही एकटी टाळ्या वाजवतेय. तू मान खाली घातली होतीस, म्हणून तुला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॅफेत गेलो. सी तौफिक म्हणाले, आठवडाभर जाऊ नकोस, लोक तापलेत. म्हणूनच गेलो. नेहमीच्या खुर्चीवर बसलो, नेहमीचा चहा मागवला. शाझलीकाका आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, 'काय कप्तान, घरच्या माणसाला दार उघडून दिलंस ना?'

मी उठलो. म्हटलं, 'दार बंद होतं. तो भिंतीवरून गेला. तो माझ्यापेक्षा चांगला खेळतो, काका, आणि या गावात त्याच्याइतका चांगला कुणी झाला नाही. पुन्हा सांगू?'

काकाने टोपली उचलली, खाली ठेवली, आणि माझ्या चहाचे पैसे देऊन गेला. त्याचा अर्थ काय तो तूच लाव.

आता ते, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो आणि इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसलो.

शिट्टी झाल्यावर तू बंदराकडच्या गोलाकडे गेलास. सगळे सुन्न उभे होते, कुणी तुला अडवलं नाही. तू गुडघ्यांवर बसलास आणि दोरीला हात घातलास. शब्द पाळायला आलास. मीच बोलावलं होतं. आणि मीच लंगडत येऊन तुझं मनगट धरलं. 'राहू दे,' म्हटलं. 'तूच लिहिलंस ना?' तू म्हणालास. मी पुन्हा 'राहू दे' एवढंच म्हटलं. लोकांना वाटलं मी तुला मारतोय, दोघेतिघे धावत आले, आणि त्या गोंधळात तुमच्या बसवाल्यांनी तुला नेलं.

तुझ्या हाताला कळलंच असेल. ती गाठ दगड झालेली नव्हती. खाऱ्या वाऱ्याने ती सैल पडत होती, एखाद्या दिवशी आपोआप सुटली असती. जानेवारीपासून सराव संपला की सगळे कपडे बदलायला जायचे, आणि मी चेंडू गोळा करायचं निमित्त करून गोलापाशी थांबायचो आणि ती ओढून घट्ट करायचो. रोज. गावाला सांगत होतो की कापता येत नाही. तुला लिहिलं की ये आणि सोड. आणि तू सोडायला लागलास तर माझा जीव वरखाली झाला. गाठ सोडली असतीस तर तू रीतसर गेला असतास, चहा पिऊन, सगळ्यांचा निरोप घेऊन. मला ते नको होतं. एवढंच आहे. तू गेलास तेव्हापासून जेवायला तुझी खुर्ची मी उम्मीला हलवू देत नाही. तिला वाटतं मी आळशी आहे.

यावरून इथे मोठी बैठक झाली. कप्तानाने रीत मोडली, कप्तानाचा पट्टा काढून घ्या, असं ठरवून सगळे आले होते. सी बूबकर मधल्या खुर्चीत. मी म्हटलं, पट्टा घ्या, गाठ मिळणार नाही. ते म्हणाले, मग लमजदचं काय? तो माणूस दुसऱ्या श्रेणीतही आपल्याबरोबर यायला तयार आहे, त्याला आणखी एक मोसम बिनगाठी ठेवणार? प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर मी घरून ठरवूनच गेलो होतो.

सगळ्यांना मैदानावर घेऊन गेलो, उम्मीलाही बोलावलं. आणि माझी गाठ सोडली.

गुडघा संपलाय, स्कंदर. डॉक्टरने फेब्रुवारीतच सांगितलं होतं. तुझ्याविरुद्ध खेळायचं म्हणून कुणाला बोललो नाही. तू मला चकवलंस तो माझ्या पायातला शेवटचा सामना होता, आणि शेवटी मला चकवणारा तू होतास हे मला आवडलं. दुसऱ्या कुणी चकवलं असतं तर झोप लागली नसती.

माझी गाठ मात्र खरोखर दगड झाली होती. नखं तुटली, शेवटी दातांनी सोडवली. उम्मी म्हणाली, चावू नकोस, दोरी आजोबांची आहे. मग त्या जागी लमजदने गाठ मारली. वाळवंटातल्या माणसाला जाळ्याची गाठ कुठली ठाऊक, उम्मीलाच त्याचा हात धरून फास घालून दाखवावा लागला. शाझलीकाका ओरडला, 'गाठीवाला!' आणि सगळे हसले, लमजद सगळ्यांत जास्त. चहा झाला. मला कुणी वाकडा शब्द बोललं नाही. रीत आहे.

तुझी गाठ आहे तिथेच आहे, लमजदच्या शेजारी. नवं जाळं आलं तरी दोरी तीच राहील. राजधानीवाले तुला पुढे आणखी मोठ्या गावाला विकतील, समुद्रापलीकडे विकतील, विकू देत. तू हिलालचा आहेस हे त्यांना माहीत असायची गरज नाही.

आणि ऐक. आम्ही परत वर येऊ. पुढच्या वर्षी नाही तर त्याच्या पुढच्या वर्षी. तेव्हा मी मैदानात नसेन, स्टँडमध्ये उम्मीशेजारी असेन. तू गोल केलास तर हात वर करायचा. मान खाली घातलीस तर खाली उतरून सगळ्यांदेखत कानाखाली देईन, आणि तेवढं उतरायला गुडघा लागत नाही.

तुझी गाठ अजूनही रोज ओढून घट्ट करणारा,
मुनधिर