हवालदाराचा बंदोबस्त

२२ ऑक्टोबर २००३, न्हावरे
ही वही दसऱ्यालाच सुरू करणार होतो. राहून गेलं. आज जबाबदारीच आली, म्हणून लिहिणं भाग आहे.
भागूआत्या डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला लेकीकडे गेली. घर आणि कुत्रा माझ्यावर. कुत्र्याचं नाव हवालदार, पण फटाका वाजला की पळत सुटतो. मागच्या दिवाळीत ट्रकखाली जाता जाता वाचला. आतोबा गेल्यापासून आत्याला त्याचीच सोबत. निघताना म्हणाली, "सम्राट, ह्याला काय झालं तर मला तोंड दावू नको."
काही होत नाही. प्लॅन तयार आहे. रोज एक लवंगी लावायची, म्हणजे सवय होईल.

२३ ऑक्टोबर
लवंगी लावली. हवालदार पलंगाखाली. कानात कापूस घातला, तो त्याने खाल्ला. आवाज दाबायला रेडिओ फुल लावला, तर शेजारची बयाबाई ओरडली, "आरं, फटाकं परवडलं, तू बंद हो!"
एकंदरीत प्रगती आहे. जेवला मात्र नाही.

२४ ऑक्टोबर
सवयीचा प्लॅन रद्द. जागाच बदलायची. पाटसजवळ उसात माझा दोस्त बिलाल, त्याच्या ओळखीची एक खोली रिकामी आहे. आसपास घर नाही, पोरं नाहीत, म्हणजे फटाका नाही. बिलालचा टेम्पो आहेच.
साखळी आणायला दौंडला गेलो. स्टेशनात गाडीचं इंजिन पुढून काढून मागे लावत होते. बघत राहिलो. तोवर दुकानं बंद. असू दे. पायजम्याची नाडीही मजबूत असते.

२५ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन, संध्याकाळ
काय शांतता! हवालदारने भाकरी खाल्ली. आता माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलाय. आत्याने बघायला पाहिजे होतं. माणसाने डोकं चालवलं की

नंतर
गेला. उसापलीकडे कारखाना आहे. आज गळीत हंगामाचा शुभारंभ. चेअरमनने उसाची पहिली मोळी टाकली आणि फटाक्यांची माळ सुरू झाली, ती संपेचना. नाडी तुटली. एका हाताने पायजमा धरून माणूस किती पळणार?
बिलाल म्हणतो, "आरं येड्या, मला वाटलं तू मोळीलाच चाललाय. कुत्रं कशाला घेतलंय, ह्येच कळंना!"
सांगायचं ना मग आधी.

२६ ऑक्टोबर
सकाळपासून हाका, शिट्ट्या, बिस्किटं. ऊस डोक्याच्या वर. आत शिरलं की आपणच हरवतो. ऊसतोड टोळीतला म्हाळू म्हणाला, "उद्या दुपारी ह्यो फड पेटवून तोडायचा हाय. त्याच्या आत काढा कुत्रं."
कारखान्यावर बुंदी वाटत होते, तिथे चौकशीला गेलो. जरा वेळ लागला.
बिलालला शपथ घातली, आत्याला कळवायचं नाही.

२७ ऑक्टोबर, न्हावरे, दुपार
घरी आलो. हुशार जनावर आपलं घर शोधतंच. अजून आला नाही. परत फडाकडे निघणारच होतो, पण तो आला आणि घरी कुणी नसलं तर? म्हणून थांबलोय.
आता पेटवला असेल.
बिस्किटाचा पुडा तसाच खिशात आहे.
दाराशी टेम्पो. बिलालचा. आत्या! डोळ्याला पट्टी, वर काळा चष्मा. बिलाल अंगणातूनच ओरडतोय, की शपथ मोडून त्यानेच फोन केला. आत्या डॉक्टरचं न ऐकता पहाटेच्या गाडीने थेट पाटसला उतरली. फडाच्या बांधावर उभी राहिली, एकच हाक मारली, आणि हवालदार बाहेर.
काल दिवसभर मी हाका मारल्या, त्यामुळेच त्याची तयारी झालेली असणार.
हवालदार टेम्पोतून उतरला. मला बघितलं. परत वर चढला.