थोडक्यात वाचलेल्यांची वही

६ जानेवारी, सोमवार

आज सारखी दुबईच्या अल क्वोज भागातली ती सकाळ आठवते आहे. लग्नाला दोन वर्षं झाली होती. शरदचा रहदारीच्या मोजणीचा जोडीदार तापाने पडला म्हणून त्याने मलाच शेजारी बसवलं. रस्त्याकडेला उभी गाडी, मांडीवर फळी, फळीवर कागद. तो मोटारी मोजणार, मी ट्रक. मग एक पिकअप आली. मागे उंट बसलेला, मान वर करून, एखाद्या साहेबासारखा. मी विचारलं, "हा कुठल्या रकान्यात?" श. इतका हसला की पुढच्या चार गाड्या सुटल्या. आणि तेही त्याने कागदावर लिहिलं: 'निरीक्षक हसत असल्यामुळे चार गाड्यांची नोंद नाही.'

हल्ली हसत नाही. उजवा हात प्लास्टरमध्ये, तिसरा आठवडा. डिसेंबरात खालच्या चौकात पाय घसरून पडला.

माझ्या पत्राला म्युनिसिपालिटीचं (म्यु.) उत्तर आलं. चौकात चारही बाजूंना 'थांबा'ची पाटी लावा, असं मी नोव्हेंबरात लिहिलं होतं. आता फक्त आमच्या गल्लीतून येणाऱ्यांना लाल पाटी आहे. मोठ्या रस्त्यावरचे, शारजाचा जॅम चुकवायला आत घुसणारे, थांबतच नाहीत. उत्तर फार नम्र. रेकॉर्डवर एकही अपघात नाही. अर्जदार बाईंनी स्वतःच तसं नमूद केलं आहे.

पत्राची प्रत काढली. शेवटची ओळ: 'बाय द ग्रेस ऑफ गॉड, नोबडी हॅज बीन हर्ट सो फार.' माझंच अक्षर. कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या, पत्र कृतज्ञतेने संपवावं. आई सांगायची, वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते. मी दोघींचं ऐकलं.

श. वाचून म्हणाला, "केस तूच बुडवलीस की."

८ जानेवारी, बुधवार

पाट्या कशा ठरतात ते श.ने डाव्या हाताने वेडंवाकडं काढून दाखवलं. दोन्ही रस्त्यांवरची गर्दी साधारण सारखी हवी, आणि ती दिवसातले बरेच तास टिकायला हवी. पायी ओलांडणारे किती. कोपऱ्यावरून पलीकडचं दिसतं का. आणि वर्षभरात नोंदलेले अपघात, तेही असे की सगळे थांबले असते तर झालेच नसते.

"आणि भीती?"

"भीतीला रकाना नाही."

गरज नसताना पाटी लावली तर लोक आधी ती मानत नाहीत, मग पुढच्या चौकातलीही मानत नाहीत म्हणे. विचारलं, नोकरीत असताना असे किती अर्ज नाकारलेस? "बरेच." 

म्यु.त पाट्या बघणाऱ्या साहेबांना फोन केला. साहेबांचा आवाज चांगला आहे. "मॅडम, काउंटिंग करवाता हूँ. लेकिन रेकॉर्ड चाहिए, रेकॉर्ड. इन्शाल्ला."

निखिलला अबुधाबीला फोन केला. "आई, प्लीज, जस्ट टेक द कार." कोपऱ्यावरच्या ग्रोसरीत जायला कार!

१३ जानेवारी, सोमवार

नवी वही. बाल्कनीत खुर्ची टाकली. जे थोडक्यात वाचले त्यांची नोंद ठेवायची: थो.वा. सकाळी शाळेच्या बसेसच्या वेळी एक तास, संध्याकाळी एक तास.

आज थो.वा. ३. बाबागाडीवाली आई. दोन पिशव्यांवाला माणूस. एक मांजर धरलं तर ४, पण श. म्हणतो मांजर धरू नकोस.

शेजारच्या फ्लॅटमधली सफिया आली. वीस वर्षांचा शेजार. राजापूरकडची, अजून तिकडचंच बोलते. वाकून वहीत बघितलं. "अगो वहिनी, या वयात पोलिसात भरती झालीस काय? तुमा पुणेकरांना सगळा लिवून ठेवायची भारी खोड."

मी म्हटलं, अपघाताची नोंदच सापडत नाही म्हणून अडलंय. ती उठलीच. कुकर लावायचा राहिला म्हणाली. चहा अर्धा तसाच.

तिच्या रुबीनाची गाडी महिनाभर कव्हर घालून उभी आहे. चौथ्या परीक्षेत लायसन मिळालं तेव्हा सफियाने अख्ख्या मजल्यावर शिरखुर्मा वाटला होता. आता पोरगी टॅक्सीने नर्सरीत शिकवायला जाते. विचारलं तर "बॅटरी खलास."

२१ जानेवारी, मंगळवार

मोजणीवाले आले! दिव्याच्या खांबाला कॅमेरा, खाली गाडीत दोन माणसं. मला भलताच आनंद. साडी नेसले. का, कोणास ठाऊक.

पण श. म्हणाला, माणसं मोजतात ती ओलांडणारी. जी घाबरून ओलांडतच नाहीत ती कुठेच येत नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी तीन महिने पलीकडच्या बागेत गेलेल्या नाहीत. म्हणजे त्यांच्यामुळे चौक सुरक्षित ठरतो.

हे ऐकून मी गेले आणि सफियाला घेऊन रस्ता ओलांडला. कोथिंबीर आणली. परत आले. मग लिंबं राहिली होती. मग पाव. सफिया म्हणते, "आता काय मीठ आणूया?" हसून हसून दम लागला दोघींना, बऱ्याच दिवसांनी.

वर आले तर श. बाल्कनीच्या दारात उभा. चेहरा पांढरा.

"मोजणीत खोटं घालतेस?"

"खरंच गेलो ना आम्ही. ही बघ कोथिंबीर."

"जाऊन-येऊन सहा वेळा?"

"तुझ्या पाटीवर लिहिलंय का, एकाच वेळी सगळं आणावं?"

"तीस वर्षं मी एक आकडा इकडचा तिकडे केला नाही. कोणासाठीच नाही. तुझ्यासाठीही करणार नाही."

म्यु.ला फोन करून सांगितलं की मी आणि शेजारणीने सहा-सहा वेळा ओलांडलं ते वजा करा. साहेब म्हणाले, "मॅडम, आप बहुत ऑनेस्ट हैं." हसत होते बहुतेक.

२६ जानेवारी, रविवार

श. खाली पेपर आणायला गेला होता. रुबीना आली. चपला न काढताच दारात उभी राहिली, ती कधी असं करत नाही.

"आंटी, इट वॉज मी."

मला कळेचना. म्हटलं, काय गं? तर ढसाढसा रडायला लागली. मग सगळं सांगितलं, अर्धं मराठी अर्धं इंग्लिश. डिसेंबरात त्या दिवशी संध्याकाळी ती गल्लीच्या पाटीशी उभी होती. मोठ्या रस्त्यावर गाड्यांची रांग संपेना. मागचा हॉर्न वाजवतोय. शेवटी एकाने लाइट मारून 'जा' म्हटलं. तिने घाईने वळवली, नजर त्या गाडीवर. कोपऱ्यावर श. रस्त्यात उतरलेला होता. वेग काहीच नव्हता, पण तो पडला, हातावर.

ती उतरली, ॲम्ब्युलन्स बोलवू म्हणाली. हा म्हणाला, "मला काही झालं नाही. घरी जा बेटा. आईला सांगू नकोस, मी पडलो. खलास." आणि स्वतः हात धरून टॅक्सीने हॉस्पिटलात गेला. तिथे सांगितलं, पाय घसरला.

आईला तिने त्याच दिवशी सांगितलं. म्हणजे सफियाला माहीत होतं. कोथिंबीर आणताना माहीत होतं.

रुबीनाला पाणी दिलं. जवळ घेतलं की नाही, आता आठवत नाही. घेतलं असावं.

२७ जानेवारी, सोमवार

श.शी भांडण. लग्नानंतरचं सगळ्यात वाईट, आणि सगळं हळू आवाजात, भिंतीपलीकडे सफिया म्हणून.

मी: मला का नाही सांगितलंस?

तो: तू लिहून टाकलं असतंस.

मी: मग? खरंच झालं ना?

तो: माणसाला धक्का लागल्यावर पोलिसांना न सांगता निघून जाणं इथे केवढी गोष्ट आहे, माहीत आहे? ती गेली माझ्या सांगण्यावरून. पण कागदावर तीच गेली. लायसन, नोकरी, कदाचित व्हिसा. चोवीस वर्षांची आहे.

मी: आणि उद्या तिथे कोणी मेलं तर?

तो: एका नोंदीने पाटी लागत नाही.

मी: सगळेच असं म्हणतात म्हणून तिथे शून्य आहे!

 कोथिंबिरीच्या जुड्यांसाठी माझ्यावर ओरडलेला माणूस. खोटा आकडा घालू देत नाही आणि खरा आकडा गळ्यातल्या झोळीत लपवून महिनाभर माझ्यासमोर जेवतो आहे. मी घास भरवत होते त्याला पहिले आठ दिवस.

३ फेब्रुवारी, सोमवार

थो.वा. नाही. आज लागलं.

डिलिव्हरीचा रायडर, मोठ्या रस्त्याने सरळ येत होता, गल्लीतून गाडी निघाली. बाइक आडवी, डबे रस्ताभर, बिर्याणी. मी खाली धावले. ग्रोसरीवाले बशीरभाई पाणी घेऊन आले. गुडघ्यातून रक्त. मी फोन काढला तर त्याने हात जोडले. "मॅडम, पुलिस नहीं. प्लीज. यल्ला, जाने दो, कुछ नहीं हुआ." लंगडत बाइक उचलून गेला. गाडीवाला तर थांबलाही नव्हता.

बशीरभाई म्हणाले, "ये इस साल का तीसरा, दीदी. सब ऐसे ही चले जाते हैं."

वहीत लिहिलं. नाव नाही, नंबर नाही. म्हणजे झालंच नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

प्लास्टर काढलं. मनगट तिरकं जुळलंय. ऑपरेशन लागेल, पुण्याला करायचं ठरतंय. श. पेन धरून बघत होता. धरवत नाही.

म्यु.चे साहेब आपणहून बोलले. गर्दीचा आकडा अगदी काठावर आहे. पायी जाणारे कमी पडतात. मी वाचून दाखवली ती वही 'बहुत अच्छी' आहे, झेरॉक्स फाइलला जोडतील, पण ती नोंद नव्हे. एखादा तरी खरा अपघात कागदावर असता, माणसाला लागलेला, तर वरच्यांशी बोलता आलं असतं. फाइल महिनाअखेर बंद.

मी "थँक यू सो मच" म्हटलं आणि फोन ठेवला. एका वाक्याचं अंतर होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लिफ्टमध्ये सफिया. सोळा दिवसांनी समोरासमोर. ती पाठ करणार होती, मी बटण दाबून दार धरलं.

"रुबीना कशी आहे?"

"रोज म्हणते, मी जाते आनि सांगते. मी चप्पल लपवून ठेवते तिची." मग एकदम माझ्याकडे वळून, "तुला पाटी पायजे, वहिनी. माझी पोरगी जायाची. तू सांग, कोनाचा पारडा जड?"

मी म्हटलं, शरदचा हात कायमचा तिरका झालाय गं.

ती रडायला लागली. "माहीत हाय. मी रोज तुमच्या भिंतीला कान लावून बसते, भाऊ कण्हतात काय म्हनून."

आमचा मजला येऊन गेला. लिफ्ट पुन्हा खाली आली. कोणी तरी चढलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी श. स्वतःच म्हणाला, "कागद घे. मी सांगतो ते लिही."

इंग्लिशमध्ये सांगितलं, त्याच्या जुन्या रिपोर्टच्या भाषेत. तारीख, वेळ, उजेड, रस्ता कोरडा. पादचारी पुरुष, वय एकोणसत्तर, उजव्या मनगटाचं हाड मोडलं. चालकाने पाटीचं पालन केलं होतं. मोठ्या रस्त्यावरची वाहनं थांबत असती तर हा अपघात झाला नसता. चालक थांबली, मदत देऊ केली, पादचाऱ्याने आग्रहाने तिला पाठवलं, दोष पादचाऱ्याचा.

चालकाचं नाव, असं लिहून मी थांबले.

"रिकामं ठेव."

"नावाशिवाय घेतील?"

"नाही घेणार."

डाव्या हाताने सही केली. शाळेतल्या मुलासारखी आली. मग बराच वेळ कागदाकडे बघत होता. म्हणाला, हे मला डिसेंबरातच...

१५ फेब्रुवारी, शनिवार

उद्या दुपारचं विमान. ऑपरेशन बुधवारी. परत केव्हा, ते डॉक्टर ठरवतील. संध्याकाळी निखिल किल्ली घ्यायला येईल. त्याच्यासाठी इथेच लिहिते, पान फाडून देईन. मराठी वाचताना अडखळलास तर मोठ्याने वाच रे, कळतं.

थो.वा.च्या वहीची झेरॉक्स: म्यु.च्या साहेबांना. हातात दे, ईमेल नको. थँक यू म्हण.

मूळ वही: बशीरभाईंना. दुकानातून चौक दिसतो, पुढचं ते लिहिणार आहेत. हिंदीत लिहितील, चालेल.

कढीपत्त्याची कुंडी: सफियाला. दार उघडलं नाही तर बाहेर ठेव आणि बेल वाजवून निघ. पाणी ती घालेल.

बाबांची छत्री आणि चालायची काठी: दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना.

बंद पाकीट: रुबीनाला. तिच्याच हातात. घरी नेऊ नकोस, नर्सरी सुटायच्या वेळी जा. सफियाच्या हाती पडलं तर ती फाडेल, आणि तिच्या जागी मी असते तर मीही फाडलं असतं. आत बाबांचा कागद आहे, एक जागा रिकामी ठेवलेली. मीही एक ओळ लिहिली होती, मग काढून टाकली. तिच्यात 'पण' आला होता.

नाव भरायचं की कागद टाकून द्यायचा, ते तिने ठरवायचं. तू थांबू नकोस, चेहरा बघू नकोस. आणि तिने काय केलं ते मला पुण्याला कळवू नकोस, मी फोनवर विचारलं तरी.