द्राक्षांखाली गेलेले ठसे

बाबा, त्या रविवारी तुम्ही माझ्या कणकेच्या परातीत कागद भिजत घातले होते. कुठला कागद किती पाणी धरतो, ते पाहायचं होतं तुम्हाला. मी ओरडले, "आता पोळ्या कशात करू?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आज भात कर." आणि माझी लेक तुमच्या शेजारी उकिडवी बसून इतकी हसली की तिला ठसका लागला. तिच्या पाठीवर थोपटणारा तुमचा ओला हात मला अजून दिसतो. हे पत्र मी आधी इंग्रजीत सुरू केलं होतं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पत्रं लिहायला तसंच शिकवलं ना. पण इंग्रजीत सगळंच फार सभ्य दिसायला लागलं, म्हणून फाडलं.

सुरुवात माझ्याच पुस्तकापासून झाली. ग्रीक देवांच्या गोष्टींचं ते जाड पुस्तक मला कॉन्व्हेंटमध्ये बक्षीस मिळालं होतं. लग्नानंतर ते माझ्या ट्रंकेतून जुन्नरजवळच्या या मळ्यात आलं आणि ट्रंकेच्या तळाशीच राहिलं. तेराव्या वर्षी ते लेकीच्या हाती लागलं. मग कोंबडा झ्यूस झाला, भांडकुदळ शेळी हेरा झाली. कामाला येणारी बाई हाक मारायची, "आवो वैनी, तुमचा झूस पुन्यांदा मेथीत शिरलाय!" जेवताना अथेन्सचा कारभार आणि स्पार्टाची पोरं. तिचे वडील म्हणायचे, "त्यांच्यात तो द्राक्षांचा देव हाय ना, त्याचं सांग. बाकीचे आपल्या काय कामाचे?" आई गेल्यावर तुम्ही नुकतेच आमच्याकडे राहायला आला होतात. लेकीच्या घरी राहणं तुम्हाला जड जायचं, चहासुद्धा मागून घ्यायचा नाहीत. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस, पण घरात कुणी काही विचारायचं नाही. ती विचारायला लागली आणि तुमचा आवाज परत आला.

"ग्रीस लांब कशाला शोधतेस?" तुम्ही तिला म्हणालात. "ते आपल्याकडे येऊन पाणी देऊन गेलेत." मग तिला डोंगरातल्या लेण्यांत नेलंत. दोन हजार वर्षांपूर्वी कुणा यवनाने तिथल्या भिक्षूंसाठी पाण्याची दोन टाकी खोदून दिली, त्याचा लेख दाखवलात, आणि यवन म्हणजे ग्रीक हेही सांगितलंत. त्या संध्याकाळी तिला जेवण जाईना. "आई, तो आपल्याच बाजारातून चालत गेला असेल गं!" मी म्हटलं, "असेल, आधी भूमितीचं पुस्तक उघड." पुढे दर रविवारी तुम्ही दोघं डबा, पाण्याचा कॅन आणि दाट केसांचा ब्रश घेऊन निघायचात. ओला कागद दगडावर लावायचा, अक्षरांच्या खाचांत शिरेपर्यंत ब्रशने ठोकायचा, वाळला की सोलून काढायचा. घरी आणून ती ते ठसे खिडकीच्या उजेडात धरायची आणि बोटाने वाचायची. चार वर्षांत तिच्या कॉटखाली जाड गुंडाळी जमली. बाबा, त्या चार वर्षांत ती मला काही सांगेनाशी झाली होती. सगळं तुम्हाला. मी खोलीत शिरले की तुम्ही दोघं गप्प व्हायचात, आणि ते गप्प होणं मला चटणीसारखं झोंबायचं.

बारावीच्या पूर्वपरीक्षेत ती दोन विषयांत नापास झाली. मला तिला डॉक्टर करायचं होतं. फेब्रुवारी होता, बागेत द्राक्षांची तोड चालू होती, शेडमध्ये बाया पेट्या भरत होत्या आणि मुंबईला जाणारा टेम्पो दारात उभा होता. तिची प्रॅक्टिकलची परीक्षा होती, ती जुन्नरला गेली होती.

"वैनी, तळाला घालायचा कागद संपला. डायवर बोंबलतोय."

"रद्दी आणायला कुणी गेलं नाही?"

"कोन जानार? समदे बागंत."

मी घरात गेले. रद्दी जिन्याखाली होती, बाबा. बरीच होती, मला माहीत होतं. मी जिन्याजवळ थांबलेसुद्धा नाही. सरळ तिच्या खोलीत गेले, वाकले, गुंडाळी ओढून काढली आणि शेडमध्ये नेली.

"लई जाड हाय की! द्राक्षाला गादीच झाली," एक जण म्हणाली. दुसरीने कागद उजेडात धरला. "वैनी, ह्याच्यावर कायतरी उमटलंय."

"काही नाही. लाव."

तुम्ही दारात उभे होतात. तुम्ही पाहिलंत.

संध्याकाळी ती आली, कॉटखाली वाकली आणि धावत ओसरीवर आली. "आई, माझे ठसे?" मी तोंड उघडणार, खोटंच सांगणार होते, तोवर तुम्ही म्हणालात, "मी दिले गं शेडमध्ये. गाडी खोळंबली होती." ती तुमच्याकडे वळली. "तुम्हाला तरी माहीत होतं ना, आजोबा, त्यात काय होतं?" तुम्ही म्हणालात, "होतं." त्यानंतर ती तुमच्याशी बोलली नाही. अक्षरं डोंगरात होतीच, ठसे पुन्हा घेता आले असते. पण कुणाबरोबर घेणार?

पंधरा दिवसांनी, इथली हवा मानवत नाही असं सांगून तुम्ही मंचरला एका खोलीत राहायला गेलात. मी एसटी स्टँडवर सोडायला आले होते. तुम्ही म्हणालात, "तिला कळू देऊ नकोस. या वयात पोरीला आई लागते. आजोबाचं काय!" मला रडू यायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. दर महिन्याला तिच्या नावाने तुमचं पोस्टकार्ड यायचं. ती न वाचता फडताळावर ठेवायची, आणि मी पुसताना ते उचलून परत तिथेच ठेवायचे. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. अंत्ययात्रेला ती आली, मागे उभी राहिली, डोळ्यांत पाणी नाही. ती डॉक्टर झाली नाही. नाशिकला बँकेत आहे. ते पुस्तक तिने पुन्हा उघडलं नाही.

परवा लेकीशी फोनवर बोलताना तिची मुलगी मागून विचारत होती, पणजोबा कसे होते. ती हसून म्हणाली, "माझे ग्रीक त्यांनी द्राक्षांखाली घातले, असे होते." इतक्या वर्षांनी ती त्यावर हसू शकली. आणि बाबा, मीही हसले. फोन ठेवल्यावर आधी कागद-पेन शोधलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय की माझं विसरणं वाढत जाणार. गेल्या आठवड्यात शेजारणीचं नाव आठवेना. त्या दिवशी तुम्ही कागदाला हातही लावला नव्हता, हे आता जगात एकट्या मला माहीत आहे, आणि मीही ते किती दिवस जपून ठेवू शकेन कोण जाणे. मी विसरले की तुम्ही कायमचे गुन्हेगार. रोज सकाळी उठले की आधी तेवढं आठवून पाहते.

म्हणून माझ्या मुलासाठी, तिच्या भावासाठी, चिठ्ठी लिहून हे पत्र त्याच्या कपाटात ठेवते आहे. चिठ्ठीत लिहिलंय, पाटल्या सुनेला द्यायच्या. शिलाई मशीन कामाला येणाऱ्या बाईच्या सुनेला, तिला ब्लाउज छान जमतात. माझा हिरवा शालू नातीला, ती फ्रॉक शिवेना का त्याचा. आणि हा लिफाफा लेकीच्या हातात, पोस्टाने नाही. पण मी गेल्यावर. आधी नको. ती माझ्याशी बोलायची थांबली, तर मला दोन दिवससुद्धा निघणार नाहीत; तुम्ही तशी दोन वर्षं काढलीत.