तळहातावरचं मेण

शनिवार, फेब्रुवारी २०२२, टूनगॅबी, सिडनी

आज नेहा मला खोटं खाणं बनवायच्या क्लासला घेऊन गेली. जपानमधे हॉटेलांच्या काचेत मांडतात ना, तसलं. कोविड झाल्यापासून तू घुम्यासारखी बसतेस, म्हणाली. बसते तर बसते.

रंगीत मेण कोमट पाण्यात सोडलं की भज्याचं आवरण होतं. त्यात प्लास्टिकची कोळंबी गुंडाळायची. जमलं मला. मग घात झाला. पिवळं मेण ढवळता ढवळता मास्क खाली ओढला, थेंब तळहातावर घेतला आणि चाटला. आमटीचं मीठ मी असंच बघते, हात काय ऐकतोय! सगळे हसले.

"आई, इट्स वॅक्स! थुंक!"

"ओरडू नकोस. सकाळच्या वरणासारखंच लागतंय."

पोरीचं हसू गेलं. "यू सेड चव परत आली!"

खोटं सांगितलं होतं. हॅरिस पार्कच्या हॉटेलात मालकालाही तेच सांगितलंय. आचारी मी, पण मीठ हाताखालच्या मनप्रीतला बघायला लावते, मला उपास आहे म्हणून. सोमवार झाला, गुरुवार झाला, शनिवार झाला. परवा विचारते, "आंटी, आप भगवान से इतना क्या माँग रही हो?"

तळहात अजून पिवळाच आहे. चव कळत नसताना तो चाटला कशाला मी?

मालकाला खरं सांग, म्हणते नेहा. हो म्हटलं. पण चव न कळणारी आचारी कोण ठेवेल? दुसरं येतं काय मला? डॉक्टरही खांदे उडवतो. उद्या शिफ्ट आहे. उपासच सांगणार.