दुसऱ्या मजल्यावरच्या बाकाचा ठराव

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
सोमवार

आदरणीय भावनाताई यांस,

महेंद्रचा मनापासून जयभीम. तुमच्या गुडघ्यांचं कसं काय? भाऊजींची साखर उतरली असेल अशी आशा करतो. मी बरा आहे. वरणभात जमतो, भाकरीचं अजून काही ठरत नाही. तुम्ही अंबरनाथला, म्हणजे एका स्टेशनावर, तरी पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही नुसतं "बोला" म्हणालात तरी मला पुढचं आठवत नाही.

यशोधराच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात की सव्वीस वर्षांत हा माणूस माझ्या बहिणीसाठी कुठे तोंड उघडून बोलला नाही. मी तेव्हाही काही बोललो नाही. (त्यामुळे तुमचं म्हणणं तिथल्या तिथे सिद्ध झालं.) काल मी बोललो. ते कसं घडलं, एवढंच कळवायचं आहे.

तुम्हाला माहीत आहे, आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. तिला दम लागायचा. दुसऱ्या मजल्यावर जिन्यात एक बाक ठेवावा, असा अर्ज तिने दोन वर्षांपूर्वी सोसायटीला दिला होता. दर सभेत त्यावर "पुढील सभेत विचार" असा शेरा पडायचा. सभेला तीच जायची. मी घरी टीव्हीचा आवाज कमी करून बसायचो.

तर मागच्या महिन्यात तिच्या फोटोला फ्रेम करायला उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गेलो होतो. दुकानदार सिंधी, वयस्कर. म्हणाला, "साईं, चिकटने में डेढ़ घंटा लगेगा, बैठो." फ्रेमवर वजन म्हणून ठेवायला त्याच्याकडे परदेशी रद्दीतली जाडजूड पुस्तकं होती. त्यातलं एक मी उघडलं. सुरुवातीची पानं गेलेली, त्यामुळे राज्य कोणतं ते कळलं नाही, पण अमेरिकेतल्या कुठल्याशा राज्याच्या विधानसभेचं १८७३ सालचं कामकाज होतं. मी फेब्रुवारीतला एक मंगळवार वाचला. ताई, त्या दिवशी तिथे विशेष असं काहीच घडलं नाही. प्रार्थना झाली, हजेरी झाली, कालचं इतिवृत्त वाचून कायम झालं, सभागृहातली शेगडी धूर करते म्हणून तीन जणांची समिती नेमली. मग एका गावातली डुकरं मोकळी फिरावीत की नाही याचं विधेयक आलं. बाहेर गुडघाभर बर्फ, ही माणसं घोडागाड्यांतून आलेली, आणि त्यांनी त्या डुकरांवर तिसरं वाचन करून एकेकाचं नाव पुकारून मत घेतलं. डुकरांच्या बाजूने अकरा मतं पडली. त्या अकरा जणांची नावंसुद्धा छापली आहेत. मी थक्क झालो. कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरला काढली, पण साध्या गोष्टीला एवढा मान दिलेला मी कुठे पाहिला नाही.

त्याच पानावर एका बाईचा अर्ज होता, ओढ्यावर साकव बांधून द्यावा म्हणून. एक सदस्य उठून म्हणाला, बाई गेल्या महिन्यात वारल्या, तेव्हा अर्ज काढून टाकावा. सभापती म्हणाले, अर्ज एकदा वाचला की तो सभागृहाचा होतो. बाई नसल्या तरी ओढा आहे. मी ते चार वेळा वाचलं. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं आणि पुस्तक पिशवीत घातलं. "ले जाओ साईं, मेरे पास वजन बहुत है."

काल आमची वार्षिक सभा होती, खाली पार्किंगमध्ये. मी आयुष्यात पहिल्यांदा गेलो. चार पानी भाषण लिहून नेलं होतं. सचिव बाळाजीरावांनी डोकी मोजली आणि जाहीर केलं की गणपूर्ती नाही, सबब सभा तहकूब. पुस्तकात सभा तहकूब झाली की सदस्य आपापल्या घरी जातात. म्हणून मी उठलो, सर्वांना नमस्कार केला आणि जिन्याकडे निघालो. बाकी कुणी हललं नाही. (आपल्याकडे अर्धा तास तहकूब म्हणजे त्याच खुर्च्यांवर बसून चहा प्यायचा आणि मग तेवढ्याच माणसांत सभा कायदेशीर होते. हे मला ठाऊक नव्हतं.) दुसऱ्या मजल्यावरच्या कौसाबाई मागून म्हणाल्याही, "आरं बस की, कुटं चाल्लास?" मला वाटलं, शिष्टाचार म्हणून म्हणताहेत.

मी दुसऱ्या मजल्यावर असताना खालून बाळाजीरावांचा आवाज आला. "विषय नऊ. बाकाचा अर्ज. अर्जदार मयत, सबब निकाली. विषय दहा, पाण्याची टाकी." भाषणाची पानं खाली खुर्चीवर राहिली होती. मी कठड्यावरून वाकलो आणि म्हणालो, "बाळाजीराव, ती नाही. जिना आहे."

आमच्या जिन्यात आवाज फार घुमतो. खाली सगळे वर बघायला लागले. बाळाजीराव म्हणाले, "महेंद्रभाऊ, खाली येऊन बोला." मी खाली गेलो आणि खुर्चीवरची पानं घडी करून खिशात घातली. मग कौसाबाई उभ्या राहिल्या. दोन वर्षं या बाकाला विरोध त्यांचाच होता, माझ्या दारात कशाला गर्दी म्हणून. त्या म्हणाल्या, "ती पायरीवं बसायची तवा मी दार लावून घ्यायची. आता दार उघडं ठेवते तर कोन बसत न्हाई. घाला बाक." आणि हात वर केला.

मी नावं पुकारून मत घ्यावं अशी विनंती केली. ती मान्य झाली. बाजूने चौदा, विरोधात तीन. तिघांची नावं लिहून घेतली आहेत, राग म्हणून नव्हे, तशी पद्धत आहे म्हणून. इतिवृत्तात लिहिलं आहे: "कै. यशोधरा यांचा अर्ज मंजूर." मग टाकीच्या गळतीवर पाऊण तास चर्चा झाली. एवढ्या साध्या रीतीने तिचं काम झालं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

भाऊजींना जयभीम सांगावा.

आपला,
महेंद्र

ता. क. तुम्ही हुशार आहात, तुमच्या लक्षात येईल की सभा तहकूब झाल्यापासून विषय नऊ येईपर्यंत मी दुसऱ्या मजल्यावर काय करत होतो. ती बसायची त्या पायरीवर बसलो होतो. पायरी फार गार असते. हे मला सव्वीस वर्षांत ठाऊक नव्हतं. तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मी खोडून काढलंय असं समजू नये.

आणखी एक. बाक येत्या रविवारी सकाळी बसवणार आहेत. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुम्ही शपथ घेतलीत की माझ्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही. पण दुसरा मजला माझं घर नाही, ती सोसायटीची सामाईक जागा आहे. तिथपर्यंत या. पहिल्यांदा तुम्ही बसा. चहा मी खाली घेऊन येतो.